फूड कोर्टातला जपानी राइस बाऊल पहिल्यांदा खाताना

गेल्या उन्हाळ्यात माझी आत्या चोपड्याहून आमच्याकडे जळगावला आली होती. गळ्यात तुळशीची माळ, मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जाऊन आलेली. रविवारी संध्याकाळी मुलांच्या हट्टापायी सगळे फूड कोर्टात गेलो. तिथे जपानी राइस बाऊलचा नवा स्टॉल लागला होता. फलकावर ‘व्हेज टोफू बाऊल’ (टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर) आणि शेजारी हिरवा ठिपका. आत्याने तो घेतला आणि तिला आवडलाही. ‘पनीरसारखंच लागतं गं’ म्हणाली. निघताना मी काउंटरवरच्या मुलाला सहज विचारलं, रश्शाला ही चव कशाची? तो म्हणाला, ‘दाशी पावडर, ताई. सुक्या मासळीची असते.’

आत्या एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने आंघोळ केली आणि रात्री जेवली नाही. त्या मुलाला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, पण विचारायचं काम माझं होतं आणि ते मी खाण्याआधी करायला हवं होतं. त्यानंतर मी त्या स्टॉलवर आठ-नऊ वेळा गेले, प्रत्येक पदार्थात काय पडतं ते विचारून घेतलं. माझा भाचा पुण्यात जपानी भाषा शिकतो, त्याच्याकडून शब्द समजून घेतले. हे खाणं चांगलं आहे, साधं आहे, आणि आपल्या माणसांनी ते नीट माहिती घेऊन खावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या: इथे भात शेवटी येत नाही

आपल्याकडे ताटात आधी भाकरी किंवा पोळी, मग भात. नवापूरकडचा भाताचा पट्टा सोडला तर खान्देशाचं पोट ज्वारी-बाजरी-गव्हावर भरतं. नुसता भात खाल्ला तर ‘जेवलोच नाही’ असं आपण म्हणतो. अपवाद एकच, रात्रीची खिचडी. वरून कच्चं तेल, सोबत पापड, कांदा, की झालं जेवण. जपानी राइस बाऊल समजून घ्यायला हीच खिचडी डोळ्यांसमोर ठेवा. एका भांड्यात पूर्ण जेवण.

या प्रकाराला जपानीत ‘दोनबुरी’ म्हणतात. खोलगट मोठ्या वाडग्यालाही तोच शब्द आणि त्यातल्या पदार्थालाही तोच. खाली गरम वाफेचा भात, त्यावर शिजवलेली भाजी, अंडं, मांस किंवा मासा, आणि वरून गोडसर-खारट रस्सा, जो भातात अर्धाच मुरतो.

तांदूळ आखूड दाण्याचा आणि चिकट असतो. त्यात अमायलोपेक्टिन नावाचा स्टार्च जास्त असतो, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. बासमती मोकळा होतो तो उलट कारणाने. त्यामुळे ‘भात गचका झालाय’ अशी तक्रार घेऊन काउंटरवर जाऊ नका. तो तसाच हवा, नाहीतर चॉपस्टिक्सने उचलताच येणार नाही. आपल्या बाजारातल्या तांदळांत इंद्रायणी त्याच्या सगळ्यात जवळचा.

१. घरून निघताना

फार काही लागत नाही, पण एवढं सोबत असू द्या:

- यूपीआय चालणारा मोबाइल आणि थोडी रोख. भरल्या रविवारी नेटवर्क बसतं हे मी दोनदा अनुभवलंय.
- घरातल्या कुणाला सोया, गहू, अंडं, तीळ किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती कागदावर लिहून आणा. गर्दीत ओरडून सांगितलेलं आतल्या स्वयंपाक्यापर्यंत पोहोचत नाही, चिठ्ठी पोहोचते.
- लहान स्टीलचा डबा, उरलं तर भरून आणायला.
- पाण्याची बाटली. हे खाणं खारट असतं, तहान लागते.

पहिल्यांदा जाताना शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला जा. भात नुकताच झालेला असतो आणि काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. एक वाडगा आपल्या दोन मोठ्या वाट्या भाताएवढा असतो, त्यामुळे चौघांनी मिळून आधी दोनच मागवा.

२. फलक वाचा

फलकावरच्या नावांच्या शेवटी ‘दोन’ येतं, काही ठिकाणी ‘डॉन’ असंही लिहिलेलं असतं. ते दोनबुरीचंच आखूड रूप. आपल्यासाठी यात एक खरीखुरी अडचण आहे. ‘ओयाको दोन द्या’ म्हटलं की काउंटरवरचा मराठी मुलगा दोन प्लेट लिहितो. आमच्या पुढच्या कुटुंबाचं असं झालेलं मी पाहिलंय. ‘एक प्लेट ओयाकोदोन’ असं पूर्ण म्हणा आणि पावतीवरचा आकडा बघा.

नेहमी दिसणारी नावं अशी:

- ओयाकोदोन: चिकन आणि अंडं. ‘ओया’ म्हणजे आईबाप, ‘को’ म्हणजे पिल्लू. कोंबडी आणि तिचं अंडं एकाच वाडग्यात, म्हणून हे नाव. मांसाहारी असाल तर इथून सुरुवात करा. चव मऊ आणि घरगुती असते.
- कात्सुदोन: ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला तुकडा, वर अंडं. जपानात हा डुकराच्या मांसाचा असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा चिकनचा करतात, तरी विचारा.
- ग्यूदोन: ‘ग्यू’ म्हणजे गोवंशाचं मांस. तोक्योच्या निहोनबाशी इथल्या मासळी बाजारात १८९९ साली सुरू झालेल्या योशिनोया या दुकानाने तो घाईच्या कामगारांचं जेवण म्हणून रुजवला. आपल्याकडे हेच नाव ठेवून आत चिकन किंवा मटण घालतात. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते विचारा.
- तेनदोन: तेम्पुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा कोळंबी. आपल्या भज्यांचा नाजूक भाऊ म्हणा. भाज्यांचा असेल तर ‘यासाई’ हा शब्द दिसेल.
- तेरियाकी बाऊल: चकचकीत गोड सॉसमधलं चिकन किंवा टोफू. मुलांना हमखास आवडतो.
- काइसेनदोन: कच्च्या माशांचा. समुद्र आपल्यापासून लांब आणि भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. बर्फाची साखळी कुठे तुटली हे आपल्याला कळायला मार्ग नाही. माझं स्पष्ट मत, खान्देशातल्या फूड कोर्टात कच्चा मासा मागवू नका.
- करी राइस: खरं तर हा दोनबुरी नव्हे, पण बहुतेक स्टॉलवर असतो. घट्ट, गोडसर, सौम्य करी. ही करी जपानात इंग्रजांच्या मार्गे पोहोचली. भारतीय धाटणीची करी तोक्योच्या नाकामुराया या दुकानात १९२७ पासून मिळू लागली, ती तिथे आश्रयाला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. घरातल्या ज्येष्ठांना काहीतरी ओळखीचं हवं असेल तर हा मागवा.

आणि ‘नासु’ हा शब्द कुठे दिसला तर थांबा. नासु म्हणजे वांगं! वांगं भाजून किंवा तळून त्यावर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, गोडसर लेप देतात आणि ते भातावर ठेवतात. आपण कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणारी माणसं. वांग्याला धुराचा वास आणि आतून लोण्यासारखा मऊपणा कसा येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नासु बाऊलमध्ये भरताचा झणझणीतपणा नाही, मिरची नाही, शेंगदाणा नाही, तरी पहिल्या घासाला ओळख पटते. माझ्या आईने ‘हाई काय शे?’ असं विचारत चमचा उचलला आणि अर्धा वाडगा संपवला. शाकाहारी माणसाने पहिल्यांदा काय घ्यावं असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर नासु, त्यानंतर टोफू. पण पुढची पायरी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. काउंटरवर चार प्रश्न

या सगळ्यात हीच पायरी महत्त्वाची. मागे रांग असली तरी विचारा. संकोच वाटला तर आधी बाजूला उभं राहून विचारून घ्या, मग रांगेत लागा.

पहिला प्रश्न: ‘रश्शात दाशी कशाची आहे? पाकीट दाखवता का?’

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. आपण आमटीला मसाला घालतो तशी ते दाशी घालतात. नेहमीची दाशी दोन गोष्टींची बनते: कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन कडक वाळवलेल्या माशाचे पापुद्रे. वर टोफू असो की वांगं, खालचा रस्सा माशाचा असू शकतो. मिसो सूपचंही तेच, आणि भातावर भुरभुरतात त्या फुरिकाके नावाच्या चटणीचंही तेच. ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ असं उत्तर येतं, कारण देणारा वरच्या भाजीकडे बघून सांगतो. आत्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

म्हणून पाकीट बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटावर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. आयात मालावर ही खूण स्टिकरवर असते. घटकांच्या यादीत ‘बोनिटो’ किंवा ‘कात्सुओ’ दिसलं तर तो मासा. पाकीट दाखवायला कुणी नाही म्हणत असेल तर त्या दिवशी दुसऱ्या स्टॉलवर जेवा.

शाकाहारी दाशी मागणं म्हणजे त्यांच्या पदार्थाची मोडतोड करणं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. नुसत्या कोम्बूची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची दाशी जपानात पूर्वीपासून आहे. तिथल्या बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाचा स्वयंपाक करतात, त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तिकडेबी माळकरी हायेत.’ चवही कमी पडत नाही. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ‘उमामी’ ही चव, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडू यांपलीकडची पाचवी भरदार चव, शोधून काढली ती कोम्बूच्याच दाशीतून.

दुसरा प्रश्न: ‘तळायचं तेल आणि पळी वेगळी आहे का?’

भाज्यांचा तेम्पुरा कोळंबीच्याच कढईत तळला जातो. छोट्या स्टॉलवर एकच कढई असते. ते खरं सांगतात, फक्त विचारावं लागतं.

तिसरा प्रश्न: ‘अंडं पूर्ण शिजवून द्याल का?’

ओयाकोदोन आणि कात्सुदोनवरचं अंडं मुद्दाम अर्धवट, थलथलीत ठेवतात. जपानात अंडी कच्ची खाता येतील अशा बेताने धुऊन, तपासून, तारीख घालून विकतात. आपल्या बाजारातली अंडी त्या बेताची नसतात. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं सोबत असतील तर पूर्ण शिजवूनच घ्या. चव थोडी कमी होते, ती होऊ द्या.

चौथा प्रश्न: ‘सॉसमध्ये मिरिन किंवा साके आहे का?’

साके ही तांदळाची दारू आणि मिरिन ही तांदळाचीच गोड दारू. अस्सल मिरिनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. उकळताना बरंचसं उडून जातं, पण सगळं जातंच असं नाही. ज्यांना थेंबही चालत नाही त्यांनी विचारावं. पुष्कळ स्टॉल मिरिनऐवजी साखरेचा पाक वापरतात, तेव्हा प्रश्नच मिटतो.

घरात रक्तदाबाचा त्रास असलेलं कुणी असेल तर आणखी एक सांगणं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ‘रस्सा कमी घाला, वेगळ्या वाटीत द्या’ असं सांगितलं की देतात.

४. पैसे, कार्ड, टोकन

काही फूड कोर्टांत स्टॉलवर थेट पैसे चालतात, काहींत आधी मुख्य काउंटरवर कार्ड रिचार्ज करावं लागतं. कार्ड असेल तर लागेल तेवढेच पैसे भरा आणि उरलेले परत कधी, कुठे मिळतात ते भरतानाच विचारा. फलकावरची किंमत बहुधा कर सोडून असते. माझा नासु बाऊल २२० रुपयांचा होता, पाच टक्के जीएसटी धरून २३१ झाले. स्टॉलवर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला आहे का, तेही एकदा बघा.

टोकन जपून ठेवा. जपानी बाऊल प्रत्येकाचा वेगळा रांधतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

५. वाडगा हातात आला, आता कालवू नका

आपला हात आधी कालवायला जातो. वरण-भात, रस्सा-भात, शेवभाजीत कुस्करलेली भाकरी, सगळं एकजीव केल्याशिवाय आपल्याला घास घेतल्यासारखं वाटत नाही. दोनबुरी कालवली की बिघडते. चिकट भात आणि गोडसर रस्सा यांचा लगदा होतो आणि सगळे घास एकाच चवीचे लागतात. मग माणूस म्हणतो, ‘काही मजा नाही.’

कडेने सुरुवात करा. चमचा उभा खाली घाला, म्हणजे एका घासात वरचं, मधलं आणि खालचं तिन्ही येईल. एक घास रस्सा मुरलेल्या भाताचा, एक कोऱ्या भाताचा. कोऱ्या भाताचा घास गिळण्याआधी जरा चावा, त्याची स्वतःची गोडी कळते. वाडगा खालपर्यंत अशा थराथराने संपवायचा.

चमच्याने खाण्यात काही कमीपणा नाही. चॉपस्टिक्स वापरून बघायच्या असतील तर जपानी माणसं करतात तसा वाडगा डाव्या हाताने उचलून तोंडाजवळ धरा, म्हणजे सांडत नाही. कागदी वाडगा खालून चटका देतो, तेव्हा रुमाल धरा. दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण जपानात मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. दहाव्याचा पिंड ठाऊक असलेल्या आपल्या घरांत हे लगेच समजतं.

६. ‘तिखटच नाही’ म्हणायच्या आधी

पहिल्या घासाला आपल्या माणसाचा चेहरा उतरतो. गोड लागतं आणि मिरची कुठेच नाही. मग हात शेजारच्या स्टॉलवरच्या शेजवान चटणीकडे जातो. कृपा करून पहिले चार घास तसेच खा. काळ्या मसाल्याला सरावलेल्या जिभेला उमामी ओळखायला थोडा वेळ लागतो.

त्यानंतर तिखट हवंच असेल तर ‘शिचिमी’ मागा. सात जिनसांचं भुरभुरायचं मिश्रण असतं, त्यात लाल मिरची, तीळ, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल वगैरे पडतं. आपल्या तिळाच्या चटणीशी त्याचं नातं लगेच जुळतं. लाल किसलेलं आलं दिसलं तर ते लोणचं आहे, मधेमधे तोंड साफ करायला. हिरवा गोळा दिसला तर ती पुदिन्याची चटणी नव्हे, वासाबी आहे. ती जिभेपेक्षा नाकाला झोंबते, म्हणून मोहरीएवढीच घ्या.

७. उरलं तर, आणि घरी करायचं तर

पार्सल घेताना रस्सा आणि भात वेगळा बांधून मागा. शिजलेला भात आपल्या उन्हाळ्यात बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि काहींचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दोन तासांच्या आत खा किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवा. अर्धवट शिजलेल्या अंड्याचा किंवा कोळंबीचा बाऊल पार्सल घेऊच नका.

घरी करणं अवघड नाही. इंद्रायणी तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा आणि नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून मऊ शिजवा. कोम्बूचा हाताच्या बोटाएवढा तुकडा ऑनलाइन मिळतो. तो अर्धा लिटर पाण्यात तासभर भिजत घाला, मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्या. त्यात आयोडीन फार असतं, तेव्हा घरात थायरॉइडचा रुग्ण असेल तर कोम्बूऐवजी वाळवलेली अळंबी भिजवलेलं पाणी घ्या. या पाण्यात दोन चमचे सोया सॉस आणि एक चमचा गूळ घालून अर्धं आटवा. भरताचं वांगं भाजून, सोलून, लांब फोडी करून त्यात दोन मिनिटं ठेवा. भात वाडग्यात काढा, वर वांगं, वर रस्सा, वर भाजलेले तीळ.

आत्या दिवाळीत पुन्हा आली तेव्हा मी हाच बाऊल केला. कोम्बूचं पाकीट आधी तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून हिरवा ठिपका बघितला आणि मग पाटावर बसली.